पायाशी ठेविलेली ध्रुववीणा

श्रावणातील पौर्णिमा जवळ आली, की किनाऱ्यावर विसावलेल्या होड्यांना रंग चढू लागतो, नाळेवर नव्या पताका फडकू लागतात आणि घरोघरी नारळीभाताचा सुगंध दरवळू लागतो. पर्जन्यकाळात खवळलेल्या रत्नाकरास श्रीफळ अर्पण करून 'आता शांत हो, आमच्या माणसांना सांभाळ' अशी विनवणी करण्याचा हा दिवस. ज्यांचा संसार लाटांच्या भरवशावर चालतो, त्यांच्या दृष्टीने हे केवळ पर्व नव्हे. तो समुद्राशी केलेला वार्षिक करार आहे. या वर्षीच्या पर्वानिमित्त वाचकांच्या सेवेस जो प्रसंग सादर करीत आहोत, त्यात आमची फजिती आहे. परंतु ज्या फजितीतून शहाणपण लाभले, ती लपवून ठेवणे हे कीर्तनकाराच्या व्रतास साजेसे नव्हे.

गतवर्षी नारळी पौर्णिमेच्या पूर्वसंध्येस वरळी कोळीवाड्यात कीर्तनसेवेचा योग आम्हांस लाभला. मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी वरळी हे एक; त्याच्या उत्तर टोकास ही जुनी वसती. एका अंगास इंग्रजांनी १६७५च्या सुमारास बांधलेला लहानसा किल्ला, वस्तीत गोलफादेवीचे राऊळ आणि समोरच्या पाण्यावर २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू. पुरातन आणि अद्यतन यांची अशी शेजारशेज मुंबईत अन्यत्र क्वचितच दिसेल. गोलफादेवी, साकबादेवी आणि हरबादेवी या तिघींसमोर उभे राहून कौल मागावयाचा आणि मगच शुभकार्यास हात घालावयाचा, ही येथील चाल. त्या दिवशी आम्हांसही एक कौल मिळावयाचा होता. मात्र तो देवळात नव्हे, रंगमंचावर, आणि तोही एका लोखंडी डबीच्या मुखातून.

वाद्यास पाय?

कार्यक्रमाची आखणी मंडळाने मोठ्या हौसेने केली होती. प्रथम आमचे कीर्तन. पूर्वरंगात समुद्राचे गांभीर्य, उत्तररंगात मत्स्यगंधा सत्यवतीचे आख्यान. धीवराच्या घरी वाढलेल्या कन्येच्या उदरी भगवान व्यास जन्मले, हे कोळीवाड्यात उभे राहून सांगण्याइतके भाग्य ते कोणते! कीर्तनानंतर वस्तीतीलच तरुणांच्या वाद्यवृंदाने कोळीगीते सादर करावयाची होती. या दोहोंचा सांधा म्हणून मधली आरती आमच्या पेटीने व त्यांच्या वाद्यांनी एकत्र वाजवावी, अशी मंडळींची इच्छा. सबब दुपारी तीनच्या सुमारास ध्वनिक्षेपकांची चाचणी करण्यास आम्ही सर्व मंचावर जमलो.

तरुणांपाशी ढोलकी होती, कीबोर्ड होता आणि मुंबईच्या मिरवणुकांचा प्राण असलेला बेंजोही होता. हा बेंजो मूळचा जपानचा. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता या कारागिराने निर्मिलेल्या 'ताइशोगोतो' नामक वाद्याचा हा भारतीय वंशज, आणि आज तो गिरगाव-लालबागचा पक्का रहिवासी झाला आहे. याशिवाय एका विशीतील युवकाच्या गळ्यात चार जाड तारांची बेस गिटार होती. ती वाजवण्यापूर्वी त्याने पायाशी ठेविलेल्या एका लहान धातूच्या डबीवर पाऊल दाबले, एकेक तार छेडली, डबीवरील दिव्यांकडे पाहत खुंट्या पिळल्या आणि पुन्हा पाऊल दाबून तो सिद्ध झाला. या अवधीत कर्ण्यातून एक अक्षरही बाहेर पडले नाही.

आम्ही जुन्या वळणाचे. वाद्यास पाय लागला तर नमस्कार करावयाचा, ही शिकवण हाडीमासी भिनलेली. म्हणून आम्ही म्हणालो, "बाळ, सुराच्या यंत्रास पाय लावतोस?"

तो नम्रपणे उत्तरला, "बुवा, दोन्ही हात गिटारवर असतात. मग पायच उरतो. कार्यक्रमाआधी मी तिला हात लावून नमस्कार करतो."

आम्हांस तत्क्षणी आठवण झाली, की ज्या संगीत नाटकांच्या पदांवर आमचे कान घडले, त्यांच्या साथीची पायपेटी पायांनीच भाते हलवून वाजवली जात असे. आणि आमचीच साथ करणाऱ्या पावलाने आम्ही आयुष्यभर ताल धरीत आलो. आमचा पहिला आक्षेप असा मंचावरच विरघळला. दुसरा मात्र विरघळावयाचा होता आमच्या अभिमानासह.

कोण चढले, कोण उतरले

आरतीचा आरंभ झाला. आमची पेटी काळी एकच्या सुरावर. बेस गिटारीनेही तोच षड्ज धरला, आणि आमच्या कानांस काहीतरी खुपू लागले. स्वर स्थिर न राहता डुलत होता; मंद, नियमित, जणू नांगरलेली होडी. दोन स्वर एकमेकांच्या अगदी निकट असूनही एक नसतील, तर त्यांच्या मीलनात असे विस्पंद उमटतात. जितके अंतर, सेकंदाला तितके हेलकावे.

आम्ही हात वर करून सर्वांस थांबविले आणि त्या युवकास चारचौघांत म्हणालो, "तुझी तार चढली आहे. दिव्यांवर विसंबून स्वर लागत नसतो. त्याला कान लागतो."

त्याने उत्तर दिले नाही. पाऊल दाबले, तार छेडली. डबीवर हिरवा दिवा ठळकपणे मध्यभागी उजळला. मग संकोचून तो म्हणाला, "बुवा, रागावू नका. तार बरोबर आहे. पेटी थोडी उतरली आहे."

ही पेटी आमच्या वडिलांची. तिच्यावर त्यांनी कीर्तने केली, तिच्याच सुरावर आम्ही बालपणी पहिला षड्ज लावला. ती उतरली आहे, हे शब्द आम्हांस वडिलांच्या नावे काढलेल्या उद्गारासारखे लागले. तरीही सत्याची परीक्षा नाकारणे हे विद्वत्तेचे लक्षण नव्हे. पेटीपुढचा ध्वनिक्षेपक क्षणभर त्या डबीस जोडण्यात आला आणि आम्ही स्वहस्ते सूर दाबला. हिरवा दिवा पेटला नाही. डावीकडचा तांबडा दिवा पेटला. दुसरा सूर, तिसरा सूर. सर्वत्र तोच निर्णय. पेटी आजच्या मानाहून सुमारे १६ सेंट खाली होती.

सेंट म्हणजे काय, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने १८८५ साली निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वरसप्तकांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यांत भारतीय सप्तकांचाही विचार होता. त्यासाठी त्याने षड्जापासून तार षड्जापर्यंतच्या अंतराचे १२०० समभाग कल्पिले. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतर १०० सेंटांचे. तेव्हा १६ सेंट म्हणजे एका पट्टीच्या षष्ठांशाहूनही कमी. परंतु काळी एकच्या मध्य सप्तकातील स्वरास तेवढ्याने सेकंदाला सुमारे अडीच कंपनांचा फरक पडतो, आणि त्याच अडीच हेलकाव्यांनी आमची आरती डुलत होती.

विचार करता खरा दोष उमगला. आम्ही वर्षानुवर्षे त्याच पेटीवर गात आलो. पेटी कणाकणाने उतरली, तिच्यासवे आमचा कान उतरला आणि दोघे एकमेकांस निर्दोष ठरवीत राहिले. न्यायालयात दोन साक्षीदार आपसांत संगनमत करून एकच खोटी साक्ष देतात, तसा हा प्रकार. तिसरा तटस्थ साक्षीदार आला नसता, तर खटला कधी उभाच राहिला नसता.

डबीच्या पोटात काय आहे

या तिसऱ्या साक्षीदारास 'पेडल ट्यूनर' म्हणतात. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यामधल्या वाहिनीत तो बसतो. पाऊल दाबले, की पुढे जाणारा आवाज तोडला जातो आणि तारेची कंपने मोजली जातात. कोणता स्वर सर्वांत निकट आहे, हे अक्षराने दिसते. तार उतरली असेल तर दिवा डाव्या बाजूस, चढली असेल तर उजव्या बाजूस, जुळली की मध्ये. पाऊल पुन्हा दाबताच आवाजाची वाट मोकळी.

अशा मोजणीचे पूर्वज मोठे अवजड होते. फिरत्या चकतीवर लुकलुकणारा प्रकाश पाडून स्वर पारखणारे 'स्ट्रोबोकॉन' नामक यंत्र अमेरिकेत १९३६च्या सुमारास आले. जपानच्या बॉस कंपनीने १९९८ साली 'टीयू-२' हा पायाने दाबावयाचा ट्यूनर काढला आणि जगभरच्या मंचांवर ही डबी वादकांच्या पायाशी रुळली. २०१०मध्ये एका डॅनिश कंपनीने सर्व तारा एकाच झणत्कारात तपासणारा ट्यूनरही आणला.

बेस गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला केवळ ४१ वेळा कंप पावते. एवढ्या संथ स्वराची मोजणी यंत्रासही जड जाते, आणि कोलाहलात मानवी कानासही. म्हणून जाणते वादक तारेच्या मध्यबिंदूस हलकेच बोट टेकवून दुप्पट उंचीचा स्वच्छ ध्वनी काढतात आणि तो यंत्रास ऐकवतात. तार नेहमी खालून वर चढवीत स्वरावर आणावी, वरून खाली सोडून नव्हे. अन्यथा खुंटीतील ढील पुढे स्वर पाडते. हाच नियम आम्हांस तंबोऱ्याच्या बाबतीत गुरुजींनी घालून दिला होता.

आणि हिरव्या दिव्याचे मान तरी कोणी ठरविले? फ्रान्सने १८५९ साली कायदा करून धैवताच्या जागी येणाऱ्या 'ए' स्वराची कंपनसंख्या ४३५ ठरविली होती. पुढे १९३९च्या लंडन परिषदेत ४४० हा आकडा मान्य झाला आणि १९५५मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने स्वीकारला. महाराष्ट्रात जुन्या पेट्यांत पॅरिसच्या सूरपट्ट्यांची महती मोठी. आमच्या पेटीतही त्याच आहेत. तिचे मान ४३६च्या घरात भरले. जन्मभूमीचा जुना संस्कार म्हणा वा सूरपट्ट्यांच्या टोकांवर साचलेली धूळ म्हणा. आजच्या मंडळीत बसल्यावर ती एकटी पडली होती, हे खरे.

भरतमुनींच्या दोन वीणा

त्या तांबड्या दिव्याकडे पाहताना आम्हांस नाट्यशास्त्राचा अठ्ठाविसावा अध्याय स्मरला. भरतमुनी श्रुतींचे ज्ञान व्हावे म्हणून एक प्रयोग सांगतात. सर्वथा समान अशा दोन वीणा घ्याव्यात आणि एकसारख्या लावाव्यात. एकीला हात लावावयाचा नाही. ती उत्तरकालीन आचार्यांची ध्रुववीणा. दुसरी चलवीणा. चलवीणेचे स्वर श्रुतीश्रुतीने उतरवीत जावे आणि प्रत्येक पायरीवर ते ध्रुववीणेच्या कोणत्या स्वरात विलीन होतात, हे कानाने पारखावे. दुसऱ्या उतारास गांधार व निषाद हे ऋषभ व धैवतात मिसळतात. तिसऱ्यास ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचमात. चौथ्यास षड्ज, मध्यम व पंचम हे निषाद, गांधार व मध्यमात. बावीस श्रुतींचा हिशेब येथून सिद्ध होतो. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीस, यादवांच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवांनी संगीतरत्नाकरात हा प्रयोग पुन्हा मांडला.

प्रयोगाचे मर्म काय? बदल ओळखावयाचा तर काहीतरी न बदलणारे समोर हवे. दोन्ही वीणा चल झाल्या, तर कोण किती सरकले, हे ब्रह्मदेवासही सांगता यावयाचे नाही. आमची पेटी आणि आमचा कान या दोन्ही चलवीणा होत्या. ती डबी ध्रुववीणा ठरली.

परंतु ध्रुववीणा केवळ अंतर सांगते. कोणी सरकावे, हे ती सांगत नाही. त्या दुपारी हाच खरा प्रश्न होता. पेटीचे सूर मंचावर उभ्या उभ्या बदलता येत नाहीत. ते कानशीचे काम. आम्ही खिन्न होऊन म्हणालो, "आरती तुम्हीच वाजवा. पेटी राहू द्या."

युवकाने आपल्या सवंगड्यांकडे पाहिले. मग खाली बसून त्याने डबीवरील एक कळ दाबली आणि ४४०चा आकडा ४३६वर आणला. कीबोर्डवाल्याने तसेच केले. बेंजोवाल्याने तारा उतरविण्यास घेतल्या. "बुवा," तो म्हणाला, "पेटीला खाली येता येत नाही आणि वरही जाता येत नाही. आम्हांला येतं." चार तरुण आपल्या अचूक स्वरावरून, एका वृद्धाच्या जुन्या पेटीसाठी, खाली उतरले. पुन्हा आरती सुरू झाली. हेलकावा नाहीसा झाला. आम्ही मात्र दोन ओळी गाऊ शकलो नाही. कंठ दाटून आला होता.

यंत्रास न दिसलेला गांधार

ऋण ठेवून मंचावरून उतरणे आम्हांस रुचेना. आम्ही त्या युवकास म्हणालो, "आता तुझ्या जाड तारेच्या पाचव्या हिश्श्यावर हलकेच बोट ठेव आणि छेड." त्याने चौथ्या पडद्यापाशी तारेस बोट टेकविले. मधुर, पारदर्शक असा गांधार उमटला. "काय म्हणते तुझी डबी?" दिवा डावीकडे! सुमारे १४ सेंट उतरलेला.

तो चकित झाला. तार जुळलेली, बोट योग्य जागी, तरी दिवा हिरवा का नाही? आम्ही समजाविले, की हा तारेच्या उदरातून निसर्गतः निघणारा स्वयंभू गांधार. षड्जापासून तो ३८६ सेंटांवर असतो. डबीचा गांधार आहे ४०० सेंटांवर, कारण तिने सप्तकाचे बारा समान तुकडे केले आहेत. तसेच तारेच्या तिसऱ्या हिश्श्यावरील स्वयंभू पंचम ७०२ सेंटांवर, डबीचा ७००वर. कोणत्याही पट्टीत वाजवता यावे म्हणून केलेली ती तडजोड आहे. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो निसर्गाचा.

यावर महाराष्ट्रात पूर्वी मोठे मंथन झाले. कृष्णाजी बल्लाळ देवल या सेवानिवृत्त अधिकाऱ्याने उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाचे साहाय्य घेऊन श्रुतींची मोजणी केली, १९१०मध्ये ग्रंथ सिद्ध केला, आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्यासह बावीस श्रुतींची पेटी घडविण्याचा उद्योग आरंभिला. त्या सर्व खटपटीचा विषय हाच, हे चौदा सेंट.

"म्हणजे डबी चुकते?" युवकाने विचारले. "चुकत नाही," आम्ही म्हणालो, "ती आपल्या मापाने मोजते. षड्ज तिच्याकडून घे; गांधार कानाकडून घे." त्याने तो स्वर पुन्हा छेडला आणि या खेपेस डोळे मिटून ऐकला.

दोन भरत

रात्री आख्यान रंगले. मधल्या भजनात बुक्का लागला, हार पडले. समुद्राकडून दमट वारा सुटला होता. अशा हवेत लाकूड फुगते आणि तारा चळतात. आरतीच्या आधी क्षणभर आमचे लक्ष त्या युवकाकडे गेले. त्याचे पाऊल दबले, बोटे हलली, दिवा हिरवा झाला, पाऊल उचलले गेले. समोर बसलेल्या शेकडो श्रोत्यांपैकी एकासही त्याची चाहूल लागली नाही. तरुणपणी आम्ही तंबोरा लावण्याच्या निमित्ताने श्रोत्यांस पाव घटका तिष्ठत ठेवीत असू आणि त्यालाच विद्वत्ता समजत असू, हे आठवून लज्जित झालो. आपली दुरुस्ती मौनात करावी आणि श्रोत्यांच्या कानी केवळ सिद्ध स्वर पडावा, हे या डबीचे सौजन्य.

आरतीनंतर निरूपणाचा समारोप करताना एक दृष्टांत सहज मुखातून आला. आपल्या परंपरेत दोन भरत. एका भरताने स्थिर वीणा समोर ठेवून स्वरांचे राज्य तपासले. दुसऱ्या भरताने प्रभूंच्या पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षे अयोध्येचे राज्य चालविले. दोघांनीही आपल्या बाहेरचे एक अचल प्रमाण मानले आणि त्यापुढे स्वतःस तपासले. आमच्या समोरची ती डबी पायाशी होती, आणि तरी प्रमाण होती.

घरी परतल्यावर मोठा प्रश्न उभा राहिला. पेटी सुरात आणावयाची तर सूरपट्ट्यांच्या टोकांचा अंश खरवडावा लागतो. खरवडलेले पितळ परत येत नाही. ज्या सुरावर वडील गायले, तो सूर कायमचा जाणार. कित्येक दिवस आमचा हात धजेना. अखेरीस कृष्णाकाठच्या एका वृद्ध कारागिरापुढे पेटी ठेविली. त्याने प्रथम नुसत्या ब्रशाने धूळ झाडली आणि सूर काही सेंट आपोआप वर आले. उरलेल्यासाठी कानस फिरली. त्या दिवशी आम्ही पेटीजवळ बसून राहिलो. वडिलांचा सूर पुसला जात आहे असे प्रथम वाटले. मग ध्यानी आले, की वडिलांनी आम्हांस सूर दिला तो चारचौघांत मिसळून गाण्यासाठी, एकटे पडण्यासाठी नव्हे.

यंदाही नारळी पौर्णिमेस वरळीचे आमंत्रण आहे. सोनेरी वेष्टनातील नारळ वाजतगाजत बंदराकडे निघेल, होड्या पाण्यात उतरतील आणि आरतीस तीच वाद्ये पुन्हा एकत्र येतील. या खेपेस त्या मुलांना खाली उतरावे लागणार नाही. आमची पेटी वर आली आहे. दर्याराजाने सर्वांच्या नौका सुखरूप तीरास लावाव्यात, आणि आपल्यातील अंतर दाखविणारा साक्षीदार व त्या अंतरापोटी आधी सरकणारा सुहृद प्रत्येकास लाभावा, हीच या पर्वकाळी गोलफादेवीच्या चरणी प्रार्थना.